गाणे कोणत्या पानावर?

गाणे कान देऊन ऐकणारे आणि ऐकलेले नेमाने कागदावर उतरवणारे मराठीतले सुरुवातीचे लेखक आठवायचे, तर केशवराव भोळे यांचे नाव आधी घ्यावे लागते. २३ मे १८९६ रोजी त्यांचा जन्म अमरावतीत झाला. डॉक्टर व्हायला मुंबईला गेलेला हा तरुण गाण्यात गुंतला, नाटकांत रमला आणि पुढे प्रभात फिल्म कंपनीचा संगीत दिग्दर्शक झाला. ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटांचे संगीत त्यांचे. पण चित्रपटांत नाव होण्याआधीपासून ते लिहीत होते. ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी आपल्या काळातल्या गवयांवर लेख लिहिले. ‘शुद्धसारंग’ हेही त्यांचेच टोपणनाव. मराठी नियतकालिकांत गाण्यावर असे लिहिणे तोवर फारसे कोणी केले नव्हते.

ज्या मातीने मराठीला असा माणूस दिला, त्या वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांत गाण्याला पुढे कशी जागा मिळत गेली, हे बघण्यासारखे आहे. जागा वाढत गेली, हे निर्विवाद. शंभर वर्षांपूर्वी नाटकाच्या जाहिरातीपुरते येणारे गाणे आज रंगीत पुरवणीत अर्धे पान घेते. मात्र ते गाणे ऐकून लिहिणारा माणूस पानावरून हळूहळू दिसेनासा होत गेला. माझ्या मते आपल्या जिल्हा पत्रकारितेचे हे मोठे नुकसान आहे, आणि ते कसे झाले हे समजून घ्यायचे तर सुरुवात कापसापासून करावी लागते.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण खरी वाटावी असे ते दिवस होते. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचली. पैसा आणि आगगाडी दोन्ही आल्यावर नाटक मंडळ्या मागे कशा राहतील? १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आणले. त्यानंतर संगीत नाटकांच्या मंडळ्यांना वऱ्हाडचे मुक्काम हवेहवेसे झाले. कापूस विकून हाती पैसा खुळखुळत असे, बाजारपेठांत अडते, वकील, जिनिंगवाले असा हौशी वर्ग तयार झालेला असे, आणि तंबू, पडदे, पेट्या घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणे रेल्वेमुळे सोपे झाले होते.

याच काळात वऱ्हाडात मराठी वर्तमानपत्रे उभी राहत होती. अकोल्याहून ‘वऱ्हाड समाचार’ निघत असे. अशा पत्रांची पाने थोडी, खिळे हाताने जुळवलेले, चित्रे जवळजवळ नाहीतच. त्यात गाणे यायचे ते नाटकाच्या पोटातून. जाहिरातीत नाटकाचे नाव, वार, तिकिटांचे दर आणि कोणता नट कोणती भूमिका करणार एवढे असे. प्रयोगानंतर काही लिहून आलेच तर गर्दी किती, ‘वन्समोअर’ किती, नाटकातून बोध काय आणि ते कुटुंबासह बघण्यासारखे आहे की नाही, यावर भर असे. सूर कसा लागला याबद्दल दोन-चार ठरलेली विशेषणे पुरत.

त्या संपादकांना गाणे कळत नव्हते म्हणून असे झाले, असे मला वाटत नाही. ते पेशाने वकील, शिक्षक किंवा राजकीय कार्यकर्ते होते. नाटक त्यांच्या लेखी साहित्य होते आणि सभाही होती. गाणे त्या सभेत लोकांना ओढून आणी. शिवाय वाचकाने ते गाणे ऐकलेलेच असेल अशी खात्री नव्हती. ज्याने प्रयोग पाहिला नाही त्याला आवाजाचे वर्णन सांगून फारसा उपयोग नसे. नाटकाचा विषय सांगितला तर निदान चार लोकांशी बोलता तरी येई.

अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांच्याकडे पाहिले की हे लख्ख दिसते. ते स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते, अमरावतीच्या ‘स्वतंत्र हिंदुस्थान’चे संपादक आणि नाटककार. त्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ १९१३ मध्ये केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले. ‘रणदुंदुभी’ १९२७ मध्ये बलवंत संगीत मंडळीने केले आणि त्यातली पदे मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी गायली. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली सरकार कोणत्याही नाटकावर बंदी आणू शकत असे. अशा काळात पारतंत्र्याची चीड पदातून बोलून दाखवायची आणि ती दीनानाथांच्या धारदार आवाजातून हजारो लोकांपर्यंत पोचवायची, हे अग्रलेखाला जमले नसते असे काम होते. स्वतः संपादक असलेल्या वामनरावांनी नाटक लिहायला घेतले यात नवल नाही. अशा पदांची बातमी झाली ती अर्थामुळे. दीनानाथ ती चाल कशी फिरवत, पंजाबी वळणाची तान मराठी शब्दांवर कशी आणत, हे लिहायला त्या धामधुमीत कोणाला सवड असणार?

१९२१ च्या संयुक्त ‘मानापमान’चे तसेच झाले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच रंगमंचावर उभे राहिले. शंभर रुपयांपर्यंत गेलेले तिकीट, फंडाला मिळालेली रक्कम, उसळलेली गर्दी हे सगळे आजही लोक सांगतात. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. इतक्या महत्त्वाच्या रात्री दोघांपैकी कोणाचे पद कसे रंगले, हे मात्र आपल्याला मुख्यतः आठवणींच्या पुस्तकांतून शोधावे लागते.

या पार्श्वभूमीवर भोळ्यांचे लेख वाचले की त्यांचे वेगळेपण कळते. ते स्वतः गात. त्यामुळे गवयाचा आवाज कुठल्या पट्टीत सुखाने फिरतो आणि कुठे तो ओढून आणावा लागतो, हे त्यांना सांगता येई. तान कुठून उचलली, शब्द कुठे तुटला, समेवर येण्याची घाई झाली की सावकाशी होती, ऐकणाऱ्याला नेमका कोणत्या जागी आनंद झाला, असे प्रश्न त्यांच्या लिहिण्यात येतात. गवयाचे घराणे सांगून ते थांबत नाहीत. घराण्याने दिलेले किती आणि या माणसाने स्वतः मिळवलेले किती, याचा हिशेब मांडतात. त्यांची ‘संगीताचे मानकरी’, ‘अस्ताई’, ‘अंतरा’ ही पुस्तके आज दुकानात सहज मिळत नाहीत. जुन्या वाचनालयात सापडली तर एखादा लेख जरूर वाचावा. रेकॉर्ड न लावता गाणे थोडेफार ऐकू येते.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. भोळ्यांनी हलक्याफुलक्या गाण्याला कमी लेखले नाही. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आले, त्याचे संगीत त्यांनी केले आणि त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई त्यात गायल्या. रात्रभर पदांमागून पदे गाण्याची रीत सोडून मोजकी, प्रसंगात मिसळणारी भावगीते त्या नाटकात आली. ‘संत तुकाराम’मध्ये तर शांताराम आठवल्यांनी नव्याने लिहिलेला अभंग लोकांना तुकोबांचाच वाटला. त्या समजामागे आठवल्यांच्या शब्दांइतकीच भोळ्यांच्या चालीची करामत आहे. लोकांना आवडणारे गाणे नीट ऐकण्याच्या, नीट तपासण्याच्या योग्यतेचे असते, ही त्यांची धारणा होती.

इंग्लंडमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने असे करायला १९६३ साल उजाडले. त्या वर्षी २७ डिसेंबरला त्या पत्राचे संगीत समीक्षक विल्यम मान यांनी नाव न छापता एक लेख लिहिला. त्यात त्यांनी बीटल्सच्या गाण्यांतल्या स्वररचनेची उकल केली आणि लेनन-मॅकार्टनी यांना त्या वर्षीचे श्रेष्ठ इंग्रज संगीतकार ठरवले. एका गाण्याच्या शेवटाची तुलना त्यांनी थेट मालर या थोर संगीतकाराच्या रचनेशी केली, आणि बरेच वाचक चक्रावले. पोरासोरांच्या गाण्यावर ‘टाइम्स’ने इतके गंभीरपणे लिहावे, हीच तिकडे बातमी झाली. त्याच्या तीस वर्षे आधी अमरावतीत जन्मलेला एक मराठी माणूस त्याच वृत्तीने लिहीत होता, हे आपण अभिमानाने सांगायला हवे.

भावगीताचा उगमही वऱ्हाडापासून दूर नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे वकील-कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता नागपूरच्या जी. एन. जोशींनी गायली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि घरोघर वाजली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना आजही ही तबकडी आठवतात. मेहकरसारख्या गावात राहणाऱ्या माणसाची कविता मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीमार्फत महाराष्ट्रभर जाते, ही त्या काळात किती मोठी गोष्ट असेल! या गाण्यांची नोंद घेतली गेली ती साहित्याच्या रकान्यात. कवीचे कौतुक झाले, छंदाची चर्चा झाली. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ मध्ये अमरावतीतच झालेली, त्यामुळे कवितेबद्दल बोलायला आपल्याकडे व्यासपीठ होते, माणसे होती. चालीबद्दल बोलायला तसे काही उभे राहिले नाही.

मग रेडिओ आला आणि वर्तमानपत्राचे कामच बदलले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ बंद झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५७ मध्ये विविध भारती आली. वर्तमानपत्रे आता आकाशवाणीच्या कार्यक्रमांचे वेळापत्रक छापू लागली. गाणे तर वाचकाच्या घरातच वाजत होते. कोणते गाणे चालले हे कळायला त्याला पेपरची गरज उरली नाही. त्याला हवी होती ती गाणाऱ्याची माहिती, कारण रेडिओवर आवाज येई, माणूस दिसत नसे.

ही भूक किती खरी होती याचा एक दाखला ‘महल’ चित्रपटाचा. १९४९ मध्ये त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या नावाच्या जागी ‘कामिनी’ असे छापले होते. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव. ही कामिनी कोण, अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे केली तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आले. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले, पण पार्श्वगायनासाठी पुरस्कार १९५९ पर्यंत नव्हता. वर्तमानपत्रांतली चित्रपट परीक्षणेही ‘गाणी श्रवणीय’ म्हणून पुढे सरकत. अमरावतीत चित्रा, प्रभात, सरोज या टॉकीजच्या नावांवरून चौकांना नावे पडली आणि ती आजही रिक्षावाल्याला सांगितली की पुरतात. त्या टॉकीजच्या बाहेर गाण्यांची छोटी पुस्तके विकत मिळत. शब्द तिथे मिळत, आवाज रेडिओवर मिळे. पेपराच्या वाट्याला उरल्या त्या नट-नट्यांच्या हकिगती.

या काळात गाण्यावर जिव्हाळ्याने लिहिणारे होते, नाही असे नाही. नाशिकच्या ‘गावकरी’च्या ‘रसरंग’मधून इसाक मुजावरांनी चित्रपटांचा इतिहास जपला. शिरीष कणेकरांनी ‘गाये चला जा’मधून हिंदी चित्रपट संगीतातल्या माणसांना मराठी वाचकाच्या घरात आणून बसवले. वऱ्हाडातही हे सारे आवडीने वाचले गेले. या लेखनाचा जीव आठवणीत होता. रफी, तलत, मदन मोहन यांच्यावरचे प्रेम त्यातून ओसंडून वाहते. पण ते मागे वळून पाहणारे लिहिणे आहे. काल संध्याकाळी आपल्या गावात काय गायले गेले, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

आता जिथे मला थोडे थांबायचे आहे तिथे येतो. वऱ्हाडात विसाव्या शतकात सर्वाधिक लोकांनी प्रत्यक्ष समोर बसून ज्याचे गाणे ऐकले, असा गायक कोण? माझे उत्तर आहे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्म, १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रमाची स्थापना, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास, १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेत उपस्थिती, १९६८ मध्ये निर्वाण. एवढा तपशील आमच्याकडच्या शाळकरी मुलालाही माहीत असतो. पुण्यतिथीला वर्तमानपत्रे दरवर्षी तो छापतात, आणि छापायलाच हवा.

पण खंजिरी? एका हाताच्या पंजात धरलेले ते लहानसे चर्मवाद्य आणि त्याच्या झांजांची खणखण एवढ्या सामग्रीवर हजारोंचा समुदाय ताब्यात ठेवायचा. ओळ छोटी, कारण मागून झेलणाऱ्यांना ती एका श्वासात परत म्हणता आली पाहिजे. चाल ओळखीची, कधी लावणीच्या वळणाची, कधी चित्रपटगीताच्या जवळ जाणारी. लय सुरुवातीला संथ आणि शेवटी अशी चढती, की बसलेला माणूस नकळत हात वर करतो. हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांत रचना, म्हणून मध्य प्रदेशाच्या सीमेपलीकडेही तीच पकड. ही सगळी संगीताची कारागिरी आहे. जनसमुदायासाठी गाणे कसे बांधावे याचा तो वस्तुपाठ आहे. या कारागिरीवर वर्तमानपत्रांतून कितीसे लिहून आले? महाराजांची बातमी धार्मिक पानावर गेली, ग्रामसुधारणेच्या पानावर गेली, राजकीय पानावरही गेली. ज्या पानावर संगीत असते, तिथे मात्र आली नाही.

संत गाडगेबाबांचेही तसेच. त्यांचे अखेरचे कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला झाले आणि त्याचे ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळते. प्रश्न विचारायचा, समोरच्यांकडून उत्तर काढून घ्यायचे, आणि त्या सवाल-जबाबाच्या टोकाला भजनाचा गजर उभा करायचा, ही रचना किती पक्की आहे ते कान देऊन ऐकल्यावर कळते. बाबांच्या खराट्यावर आपण खूप लिहिले. त्यांच्या आवाजावर लिहायचे राहिले.

वर्तमानपत्रांनी गाणे असे पानापानांत वाटून टाकले, आणि या वाटणीचा परिणाम फार खोल गेला. भजन अध्यात्माच्या पुरवणीत, अचलपूरच्या दर्ग्यातल्या उरुसाची कव्वाली स्थानिक बातमीत, पोळ्याच्या झडत्या सणाच्या चौकटीत, भुलाबाईची गाणी महिलांच्या पानावर, गझल साहित्यात. ‘संगीत’ म्हणून जे पान उरले त्यात फक्त चित्रपट आणि मुंबई-पुण्याचे मोठे महोत्सव. वऱ्हाडातला माणूस वर्षभर जे गातो-ऐकतो, त्यातले नव्वद टक्के संगीत म्हणून मोजलेच गेले नाही, असे मी म्हटले तर ते अतिशयोक्त वाटेल. पण आपल्या घरातला गेल्या महिन्याचा रद्दीचा गठ्ठा उलगडून कोणीही हे पडताळून पाहावे.

सगळ्यांत मोठी उपेक्षा झाली ती भीमगीतांची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वामनदादा कर्डकांच्या शब्दांनी खेड्यापाड्यांतली एक पूर्ण पिढी घडवली. कॅसेटचे दिवस आल्यावर, म्हणजे १९८० च्या दशकात, रेकॉर्डिंग स्वस्त झाले आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांचा आवाज एसटी स्टँडपासून वेटाळातल्या जयंतीपर्यंत सगळीकडे पोचला. १४ एप्रिलला अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत पहाटेपर्यंत गायन पार्ट्या रंगत. दोन गायकांमधला सामना, समोरच्याच्या गाण्याला तिथल्या तिथे रचलेले उत्तर, शेराला मिळणारी दाद, बक्षिसाच्या नोटा! हे सगळे पाहून लिहायला घेतले असते तर रकानेच्या रकाने भरले असते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मिरवणुकीचा मार्ग, पुष्पहार घालणाऱ्यांची नावे आणि पुढाऱ्यांची भाषणे सविस्तर येत. गायकाचे नाव आले तरी शेवटच्या ओळीत. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत त्या वस्त्यांतली माणसे फार कमी होती, हे त्यामागचे उघड कारण आहे आणि ते स्पष्ट बोलले पाहिजे.

गझलेचे नशीब थोडे बरे. सुरेश भटांचा जन्म १९३२ मध्ये अमरावतीत झाला. वडील डॉक्टर, घरात गाण्याची आवड, बालपणी पोलिओने पायाला अधूपण आलेले. ‘रूपगंधा’ १९६१ मध्ये आला, ‘रंग माझा वेगळा’ १९७४ मध्ये आणि ‘एल्गार’ १९८३ मध्ये. त्यांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लता-आशांचा आवाज मिळाला, म्हणून ते कवितेच्या वाचकापलीकडे गेले. भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून तंत्र गावोगावच्या नव्या कवींना शिकवले, आणि वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांनी व दिवाळी अंकांनी गझल आवडीने छापली. मोर्शी तालुक्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे गझल मैफलीत घेऊन आले तेव्हा प्रश्न बदलला. छापलेल्या गझलेत रदीफ-काफिया तपासता येतो. गायलेल्या गझलेत शेराच्या पहिल्या ओळीनंतर गायक किती थांबतो, दुसरी ओळ लगेच सोडतो की श्रोत्याला वाट पाहायला लावतो, यावर सगळे अवलंबून असते. पांचाळ्यांची मैफल ऐकलेल्या कोणालाही हा थांबा आठवेल. बातमीत गझलकारांची नावे येतात, संमेलनाचे ठराव येतात. थांब्याबद्दल वाचल्याचे मला आठवत नाही.

हे असे का होते, याचे उत्तर वर्तमानपत्राच्या कचेरीत बसल्यावर मिळते. अकोल्याला प्रमिलाताई ओक सभागृहात किंवा अमरावतीच्या सांस्कृतिक भवनात मैफल आहे असे समजा. पत्रिकेवर वेळ सातची. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, प्रास्ताविक होऊन पहिला षड्ज लागेपर्यंत साडेआठ. जिल्ह्याचे पान त्या सुमारास सोडायच्या घाईत असते, कारण छापून झालेल्या गठ्ठ्यांना पहाटेच्या आत दर्यापूर, मूर्तिजापूर, चिखलदऱ्यापर्यंत पोचायचे असते. म्हणून फोटो येतो तो समई लावतानाचा. मजकूर येतो तो आयोजक संस्थेच्या सचिवांनी दुपारीच लेटरहेडवर दिलेल्या प्रेसनोटमधून. उपसंपादक तो तपासतो तो नावांसाठी. अध्यक्ष आधी, प्रमुख अतिथी नंतर, मग प्रायोजक. एखादे नाव सुटले तर सकाळी नऊला फोन हमखास. कोणता राग गायला गेला हे सुटले म्हणून फोन येत नाही. ‘रसिक मंत्रमुग्ध’ हे वाक्य गाणे सुरू होण्यापूर्वीच पानात बसलेले असते, आणि त्यात त्या उपसंपादकाचा दोष नाही. तोच माणूस त्या संध्याकाळी जिल्हा परिषद, अपघात, कापसाचे भाव आणि पाऊस अशी चार पाने एकटा लावत असतो.

ऑफसेट छपाई आली, रंगीत पुरवण्या आल्या, मोठ्या दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या निघाल्या, तेव्हा जागा भरपूर झाली. ‘देशोन्नती’, ‘हिंदुस्थान’, ‘लोकमत’ अशी पत्रे घरोघर गेली. जागा वाढल्याने गावातल्या मुलांच्या वाद्यवृंदांचे, कराओके क्लबांचे फोटो येऊ लागले. हे चांगलेच झाले. आपल्या शेजारचा गातो आणि पेपरात दिसतो, याचे महत्त्व लहान गावात राहणाऱ्यालाच कळते. पण जागा वाढली म्हणून वार्ताहर वाढले नाहीत. गाण्याचे कान असलेला वार्ताहर तर कोणी वेगळा नेमला नाही.

दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धा आल्या आणि गाण्याची बातमी आकड्यांत मोजायची सोय झाली. २००९ मध्ये विदर्भातल्या हिंगणघाटची वैशाली माडे हिंदी ‘सारेगमप’ची विजेती ठरली, आणि आमच्याकडे आनंदाला पारावार राहिला नाही. अशा स्पर्धांच्या दिवसांत एसएमएस पाठवण्याची आवाहने, मिळालेली मते, गावातली मिरवणूक या बातम्या होत. यूट्यूब आल्यावर मतांची जागा व्ह्यूजनी घेतली. आज एखाद्या वऱ्हाडी गाण्याची बातमी होते ती त्याने लाखाचा आकडा ओलांडल्यावर. आकडा खरा असतो, पडताळता येतो, मथळ्यात बसतो. गंमत म्हणजे ते गाणे वाचकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये असते. बातमी वाचता वाचता तो ते लावू शकतो.

म्हणूनच मला वाटते की गाणे ऐकून लिहिण्याला आज पूर्वीपेक्षा जास्त वाव आहे. भोळ्यांच्या वाचकाला लेखात वर्णन केलेला गवई बहुधा ऐकायला मिळत नसे, तरी त्यांनी लिहिले. आजच्या लेखकाने एखाद्या वऱ्हाडी रॅपमध्ये ‘व्हय’ आणि ‘काहून’ ठेक्यावर कसे आदळतात हे लिहिले, तर वाचक पुढच्या मिनिटाला ते ऐकून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणू शकतो. हा वाद होण्यासारखा आहे, आणि वाद झाला तर दुसऱ्या दिवशीच्या पानाला मजकूर मिळतो. मैफलीचा वृत्तांत दुसऱ्या दिवशी येऊ शकला नाही तर तिसऱ्या दिवशी यावा. गाणे ऐकणाऱ्याला उशिराचे दुःख नसते. गावात संगीत शिकवणारे शिक्षक आहेत, आकाशवाणीवर गाणारे कलाकार आहेत, भजनी मंडळांतले जाणते टाळकरी आहेत. त्यांच्यापैकी एकाला महिन्यातून दोनदा अर्धा रकाना द्यायला कोणत्याही पत्राला फार खर्च येणार नाही.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी लहान-मोठ्या सगळ्या मराठी पत्रांची पहिली पाने त्यांनी भरली. जीवनपट, पुरस्कार, दुर्मिळ छायाचित्रे, पंतप्रधानांपासून सगळ्यांच्या श्रद्धांजल्या. त्या गर्दीत मी शोधत होतो ते लताबाई श्वास कुठे घेत याबद्दल कोणी लिहिले आहे का. दीनानाथांची ती मुलगी. अमरावतीच्या वामनरावांची पदे ज्यांच्या गळ्यातून गाजली, त्या दीनानाथांकडून तिला काय मिळाले आणि तिने त्यातले काय सोडून दिले, हे ‘रणदुंदुभी’च्या जुन्या तबकड्या आणि तिची सुरुवातीची मराठी गाणी शेजारी-शेजारी ठेवून लिहिता येते. दोन्ही आज मोबाइलवर ऐकायला मिळतात. हा लेख अजून कोणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही, आणि तो अमरावतीहून लिहिला जावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.